पाय ओले, डोकं उन्हात: विश्वामित्रीकाठची कांबोई

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी पुतणी उजव्या हाताची बोटं जांभळी करून घरी आली. वहिनीला वाटलं, कुठेतरी जांभळं खाल्ली असणार. जीभ बघितली तर स्वच्छ गुलाबी. मग दप्तरातून एक कागद निघाला. त्यावर तिनं काडीनं आपलं नाव लिहिलं होतं, आधी मराठीत, खाली गुजरातीत. शाई म्हणजे शाळेमागच्या नाल्याकाठच्या झुडपाची फळं चिरडून काढलेला रस. आई तिथेच गवार मोडत बसली होती. तिनं चष्मा वर करून कागद बघितला आणि म्हणाली, "अगं, ही तर कांबोई. आम्हीही हेच करायचो."

कांबोई हे गुजराती नाव. आमच्या घरात चार पिढ्या बडोद्यात राहून मराठी टिकून आहे, पण झाडंझुडपं आणि भाजीबाजार यांचे शब्द कधीच गुजराती होऊन गेलेत. दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेल्या आईला या झुडपाचं दुसरं नाव माहीत नाही. मलाही तिला कांबोईच म्हणायला आवडतं, तेव्हा पुढेही तेच म्हणेन.

त्या कागदामुळे मी या झुडपामागे लागलो, आणि लक्षात आलं की विश्वामित्रीच्या काठानं चालताना ज्याला आपण नुसती 'झाडी' म्हणून सोडून देतो, त्यात ही जागोजागी आहे. माणसाच्या उंचीची किंवा थोडी वर, आधार मिळाला तर दुसऱ्या झाडाच्या अंगावर रेलून चढणारी, लवचिक फांद्यांची. फळ ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं, आधी हिरवं, मग तांबूस, पिकलं की निळसर काळं. एकाच फांदीवर तिन्ही रंग आणि शेजारी कळ्याही दिसू शकतात.

शास्त्रीय नाव फायलॅन्थस रेटिक्युलेटस. प्वारे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८०४ मध्ये दिलेलं. 'रेटिक्युलेटस' म्हणजे जाळीदार. पान उलटं करून उजेडात धरलं की शिरांची बारीक जाळी दिसते, तीवरून हे नाव पडलं. 'फायलॅन्थस' म्हणजे पानावरचं फूल, आणि हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. आवळा याच गोतावळ्यातला, भुईआवळाही. अलीकडे काही अभ्यासकांनी या अवाढव्य एकत्र कुटुंबाची वाटणी करून आवळ्याला वेगळं आणि कांबोईला वेगळं घर दिलंय. वाटणी झाली तरी नाक-डोळे बदलत नाहीत. आवळ्याची बारीक डहाळी आठवा. दोन्ही बाजूंना चिमुकल्या पानांच्या रांगा, वाटतं चिंचेसारखं एकच संयुक्त पान आहे. पण त्या प्रत्येक पानाच्या बगलेत फूल येतं. चिंचेच्या पानातल्या छोट्या पानाच्या बगलेत कधी फूल बघितलंय? नाही, कारण ते खरं पान नव्हेच, पानाचा तुकडा. आवळ्याचं आणि कांबोईचं ते खरं पान, आणि आपण ज्याला पान समजतो ती डहाळी. झाड ती डहाळी पानासारखीच अख्खी गाळून टाकतं. वापरा आणि फेका, असली डहाळी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की कांबोईला हा सौदा स्वस्तात पडतो.

आता मूळ प्रश्न. ही काठावरच का दिसते? नदीत का नाही आणि वर माळावर का नाही?

काठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेघ येते, अलीकडे जमीन आणि पलीकडे पाणी. मला काठ घाटाच्या पायऱ्यांसारखा दिसतो. प्रत्येक पायरीवर वेगळं बिऱ्हाड. अगदी खाली, बारा महिने पाण्यात, कमळ किंवा (आपल्या नशिबी) जलपर्णी. एक पायरी वर पाणकणीस, ज्याचे पाय कायम चिखलात. त्यावर लव्हाळा आणि ओलं गवत. त्याच्या वर कांबोई. तिच्या डोक्यावर करंज आणि उंबर, आणि सगळ्यात वर, जिथे पुराचं पाणी क्वचितच पोचतं, तिथे कडुनिंब आणि वड. उतार सौम्य असेल तर या पायऱ्या लांबवर पसरतात, आणि उभा असेल तर दहा पावलांत सगळा जिना संपतो. पायऱ्या फार वेगळ्या उंचीच्या नसतात. दोन फूट वर-खाली झालं की शेजार बदलतो.

पायऱ्या ठरवतं काय? पाणी, असं पटकन म्हणावंसं वाटतं. खरं उत्तर आहे हवा. मुळांनाही श्वास लागतो. भुसभुशीत मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांत हवा खेळती असते आणि तिथून मुळं प्राणवायू घेतात. माती तुडुंब भिजली की या पोकळ्यांत पाणी भरतं, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. जो काही शिल्लक असतो तो मातीतले जिवाणू दिवस-दोन दिवसांत संपवतात. मग दुसरेच जिवाणू कामाला लागतात, ज्यांना प्राणवायूची गरजच नाही. नाल्याच्या तळाचा काळा चिखल काठीनं ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो त्यांचाच. कुंडीतल्या तुळशीला रोज प्रेमानं घागरभर पाणी घालून मारणारे लोक आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. तुळस तहानेनं मरत नाही, गुदमरून मरते.

पाणथळ जागेतली झाडं या गुदमरण्यावर तोडगे काढून बसलेली असतात. कुणाच्या देठात पोकळ नळ्या असतात, पानांपासून मुळांपर्यंत हवा पोचवणाऱ्या. पाणकणसाचं पान आडवं कापून बघा, आत चक्क खोल्या आहेत. कुणी पाण्याच्या पातळीशी खोडातून नवी मुळं फोडतं. कुणी पाणी असेतो वाढच थांबवून गप्प बसतं. कांबोई या शर्यतीत पाणकणसाइतकी तरबेज नाही, बारा महिने पाण्यात उभी राहणं तिचं काम नव्हे. तिला पाय ओले लागतात, डोकं उन्हात. श्रावणात पाणी खोडावर चढावं आणि काही दिवसांत उतरावं, आणि मे महिन्यात, बडोद्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा, मुळं खाली गेली तर ओल हाताशी असावी. एवढी अट पुरी करणारी पायरी जिथे असेल तिथे ती. नदीच असली पाहिजे असं नाही. तलावाची पाळ, कॅनॉलची कड, शेताच्या बांधालगतची चारी, सोसायटीमागचा नाला, सगळं चालतं. आफ्रिकेच्या उष्ण भागापासून भारत, दक्षिण चीन, आग्नेय आशिया करत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंत ही झुडपं पसरलीयत, ती या एका मध्यम स्वभावाच्या बळावर. आफ्रिकेच्या दक्षिणेत लोक तिला बटाट्याचं झुडूप म्हणतात, कारण फुलोऱ्यात संध्याकाळी तिला उकडलेल्या बटाट्यासारखा वास येतो. मी इथे दोन-तीनदा तिन्हीसांजेला नाक लावून उभा राहिलो. मला नाल्याचाच वास आला. पण नाल्याशेजारी केलेली ती चाचणी मी तरी ग्राह्य धरत नाही.

बडोद्यात पूर म्हणजे घरोघरचा विषय. "आजव्याची लेव्हल किती?" हा ऑगस्टमधला आमचा नमस्कार. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून उतरते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात पोचते. आजवा सरोवराचं जादा पाणीही तिच्याच वाटेनं जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये ती शहरात शिरली, तळमजले बुडाले आणि सोसायट्यांच्या आवारातून मगरी उचलाव्या लागल्या, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. पाणी उतरल्यावर मी पुलावरून बघितलं तेव्हा काठावरच्या कांबोईचे सगळे फाटे प्रवाहाच्या दिशेला विंचरल्यासारखे आडवे होते. अंगावर चिंध्या, पिशव्या, कुणाच्या तरी मखराचा थर्माकोल. मला वाटलं, गेली. महिनाभरात बुंध्यापासून नवे कोंब उभे. शेजारी एक ऐन वयातला शिरीष मुळासकट उलथून पडला होता. लव्हाळ्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, कांबोई तिची थोडी दणकट चुलत बहीण म्हणायची. बुंध्यातून एकाऐवजी बरेच फाटे, प्रत्येक फाटा वाकणारा, आणि मोडला तरी खालून फुटणारा.

इथे एक गोष्ट जरा खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे, कारण पुरानंतरच्या गप्पांत ती बहुतेक सुटते. काठ कोसळतो तो पूर चढताना कमी आणि उतरताना जास्त. पूर असताना नदीचं पाणी काठाला बाहेरून रेटून धरतं आणि दरम्यान काठाची माती आतून भिजून जड होते. नदी भराभर उतरली की बाहेरचा टेकू जातो, आतलं पाणी मात्र अजून तिथेच. भिजलेली पोती भिंतीला रेलून ठेवलीत आणि कुणी भिंतच काढून घेतली, तसं होतं. म्हणून ऊन पडल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, कोतराची, म्हणजे नदीकाठच्या उभ्या घळीची, अख्खी कड धप्पकन खाली येते.

मुळं इथे काय करतात ते गावाकडच्या मातीच्या भिंतीनं छान समजतं. भिंतीच्या मातीत पेंढा का कालवायचे? सुकी माती दाबली तर टिकते, ओढली तर तुटते. पेंढ्याचे धागे ओढ सहन करतात. झुडपांची बारीक मुळं म्हणजे काठात कालवलेला जिवंत पेंढा. शिवाय फाटे पाण्याचा वेग काठाजवळ मोडतात, वेग मोडला की गाळ खाली बसतो, आणि त्या गाळात पुढच्या पिढीचं बी. अर्थात झुडूप म्हणजे काँक्रीटची भिंत नव्हे. वरच्या काही फुटांना ते धरतं. वीस-तीस फूट उभ्या कोतराच्या पायथ्याशी नदीनं खरवडायला सुरुवात केली तर वरची कांबोई मातीसकट खाली येते, हेही मी बघितलंय.

एवढं बांधकाम-खात्याचं काम झालं. मला स्वतःला जास्त ओढ लागली ती तिच्या रात्रपाळीची.

कांबोईची फुलं इतकी बारीक, दोन-तीन मिलिमीटरची, पिवळट हिरवी, कधी लालसर झाक असलेली, की दिवसा कुणी दखल घेत नाही. एका झुपक्यात नर फुलं बरीच आणि मादी फूल बहुधा एकच. परागकण नरापासून मादीपर्यंत न्यायचे कुणी? बहुतेक झाडांच्या बाबतीत मधमाशी, माशी, फुलपाखरू हे काम चुकून करतात. ते येतात मध प्यायला आणि अंगाला परागकण लागतात. कांबोईच्या गोतावळ्यातल्या बऱ्याच झुडपांच्या बाबतीत मात्र हे काम एक पतंग मुद्दाम करतो. एपिसेफाला नावाचा, पंख पसरूनही जेमतेम सेंटीमीटरभर भरणारा.

मादी पतंग रात्री येते. आधी नर फुलावर जाते आणि आपल्या सोंडेनं परागकण गोळा करते. तिच्या सोंडेवर त्यासाठी बारीक केसांची दाटी असते. मग मादी फूल शोधते, सोंड पुढे करून परागकण थेट जिथे लागतात तिथे ठेवते, आणि वळून त्याच फुलात अंडं घालते. क्रम बघा, आधी पेरणी आणि नंतर बाळंतपण. कारण सरळ आहे. फुलाचं फळ झालं नाही तर आत बी नाही, आणि बी नाही तर अळीला खायला काही नाही. अळी फळाच्या आत काही बिया खाऊन वाढते, भोक पाडून बाहेर पडते. उरलेल्या बिया झाडाच्या. म्हणजे काही बिया मजुरी म्हणून देऊन झाड खात्रीचा वाहतूकदार ठेवतं. उंबराच्या फळात किडे असतात हे आपण लहानपणी नाक मुरडून शिकलो, तिथेही असाच करार आहे, फक्त भिडू वेगळे. कांबोईच्या नातेवाइकांतला हा करार जपानी संशोधकांनी २००३ मध्ये जगापुढे मांडला. उंबर-वडाच्या किड्यांचा हिशेब त्याआधी कितीतरी वर्षं माहीत होता, आणि हा नाल्याकाठी चाललेला व्यवहार एवढा उशिरा उघड झाला, याचं मला नवल वाटत नाही. रात्री नाल्याकाठी बॅटरी घेऊन कोण बसणार?

व्यापारी डोक्याच्या बडोदेकराला पुढची शंका लगेच येते. पतंगानं लबाडी केली तर? एका फुलात पाच-सहा अंडी घालून सगळ्या बिया फस्त केल्या तर? जपानमध्ये याच गोतावळ्यातल्या एका झाडावर असं दिसून आलंय की ज्या फुलांत अंडी जास्त, ती फुलं झाड वाढू न देता गाळतं. फूल गळालं की आतली अंडीही गेली. हावरट गिऱ्हाइकाचं खातंच बंद. कांबोई अगदी हाच उपाय करते असा दावा मी करत नाही, पण गोतावळ्यात रीत आहे हे नक्की.

आम्ही पुतणीबरोबर जुन्या ब्लेडनं काही फळं आडवी चिरली. जांभळा गर, त्यात दाटीनं बसलेल्या बारीक, कोनदार बिया. आठ ते सोळाच्या दरम्यान असतात असं वनस्पतींच्या नोंदी सांगतात, आणि मोजताना आमची दरवेळी भांडणं झाली. काही फळं बाहेरून ठीक, आतून मात्र अर्धी पोकळ, भुश्यानं भरलेली. एका फळात सुईच्या टोकाएवढी पांढरी अळी वळवळली. पुतणी किंचाळली, मग तिनंच भिंग मागितलं. ती अळी नेमकी कुणाची ते आम्हाला सांगता येणार नाही, फळं पोखरणारे दुसरेही असतात. उरलेल्या रसात तिनं लिंबाचा थेंब टाकला तर रंग लालगुलाबी झाला. जांभूळ, कोकम, जास्वंद यांच्या रसातही आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारं असंच द्रव्य असतं.

फळ खावं का, हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला म्हणून सांगतो. मी खाल्लं नाही आणि पुतणीलाही खाऊ दिलं नाही. काळ्या फळांची झुडपं काठावर चार प्रकारची असतात आणि लांबून सगळी सारखी दिसतात. पांढरफळी नावाची एक दूरची बहीणही आहे, काटेरी, पांढऱ्या फळांची, तिला कोरडा माळ आवडतो. ती ओळखायला सोपी. काळ्यांचं तसं नाही.

ज्यांच्यासाठी फळ आहे ते विचारत बसत नाहीत. बुलबुल सगळ्यात आधी, मग कोकीळ, मैना, चष्मेवाला. पक्ष्यांनी वाहून न्यायची फळं जगभर बहुधा लाल किंवा काळी असतात, कारण हिरव्या पानांत ती पक्ष्याच्या डोळ्याला लगेच दिसतात. बुलबुल फळ गिळतो, गर पचतो, बी विष्ठेतून पडतं. पडतं कुठे? जिथे तो बसतो तिथे. पाण्याशेजारी वाकलेली फांदी, कॅनॉलच्या कडेची तार, कुंपणाचा खांब. कॅनॉललगत सरळ रांगेत उगवलेली कांबोई बघून कुणी लावली असेल असं वाटतं. मान वर करा, तार दिसेल. पण पडलेलं बी वाढायला उघडी, ओली, उन्हातली माती हवी, आणि ती पूर उतरल्यावर मिळते. जुना पाचोळा, दाट गवत वाहून गेलेलं, वर गाळाचा ताजा थर. ज्या पुरानं मोठी झुडपं झोपवली त्यानंच पोरांसाठी जागा साफ केली. नदी दरवर्षी एकाच पातळीत वाहू लागली, काठ दोन्हीकडून बांधून काढला, तर हिचं काहीच कुणी तोडलं नाही तरी ती हळूहळू संपेल, कारण नवी रोपं धरायला जागाच उरणार नाही.

विश्वामित्रीचा विषय मगरीशिवाय पुरा होत नाही. शहराच्या मधोमध, कमाटीबागेच्या पुलाखाली, शेकड्यांनी मगरी राहतात अशी शहरं फारशी नाहीत. मगरीला पाण्याइतकाच काठ लागतो. हिवाळ्यात ऊन खायला उघडा उतार, आणि उन्हाळ्यात अंडी घालायला पुरापासून उंच, भुसभुशीत मातीची जागा. ती खड्डा खणून अंडी पुरते, साधारण दोन महिने राखण करते, आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी हे अंड्यात ठरलेलंच नसतं, ते खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. बत्तीस-तेहतीस अंशांच्या आसपास नर जास्त, त्याहून थंड किंवा त्याहून गरम राहिलं तर माद्या. आता काठावर सावली किती, झुडूप कुठे दाट आणि कुठे विरळ, याला काय वजन येतं बघा. कांबोई मगरीसाठी उगवते असं कुणी म्हणणार नाही. पण सावली-ऊन मिसळलेला काठ मगरीला निवड करायला वाव देतो, आणि सगळीकडे सपाट, उघडा किंवा सगळीकडे एकाच झाडानं गच्च भरलेला काठ तो वाव काढून घेतो. अंड्यातून निघालेली वीतभर पिल्लं बगळ्यांपासून लपायला काठाच्या झुडपांतच शिरतात.

हे वाचून कुणी नदीकाठी कांबोई शोधायला उतरू नका. पुलावरून दुर्बिणीनं बघा. राखण करणारी मगर वनस्पतिशास्त्राची आवड बघून सोडत नाही.

माझी तक्रार एका नाल्याबद्दल आहे. आमच्या मागच्या नाल्याचा काठ गेल्या वर्षी पावसाआधी 'साफ' झाला. यंत्र आलं, दोन दिवसांत सगळं हिरवं खरवडून गेलं. कांबोई, बेशरम, गांडो बावळ, सगळ्यांना एकच न्याय. मी शेजारच्या काकांना म्हटलं, ही देशी झुडपं ठेवायला हवी होती. काका म्हणाले, "तुझ्या घरात कमरेएवढं पाणी आलं असतं तर तूच फावडं घेऊन गेला असतास." त्यांचं तळघर २०२४ मध्ये बुडालं होतं. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

नंतर विचार केला तर काकांचं अर्धं बरोबर आहे. पात्राच्या मधोमध दाट झाडी माजली तर पाणी अडतं आणि पातळी वाढते. हे इंजिनियर उगाच सांगत नाहीत. पण मधोमध माजतं कोण? बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं, गुलाबी-जांभळ्या फुलांचं, गुजराती लोक नफ्फटियो म्हणतात ते. नावच बघा. तुटलेला तुकडा चिखलात पडला की रुजतो, थेट पाण्यात उतरतो, आणि विषारी असल्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत. फळ पक्ष्यांच्या कामाचं नाही. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, तीही अमेरिकेतलीच, वरच्या पायऱ्या बळकावते आणि खाली दुसऱ्याला फारसं उगवू देत नाही. घाणेरीला निदान फळं तरी येतात, बुलबुल ती खातात, आणि तसंच तिचं बी गावभर करतात. कांबोई पात्रात उतरत नाही, तिची पायरी ठरलेली. तेव्हा पात्र मोकळं करा आणि काठाची पायरी तिच्यासाठी ठेवा, एवढं म्हणता आलं असतं मला काकांना. त्या दिवशी सुचलं नाही. गंमत अशी की खरवडलेल्या त्या काठावर पहिला पाऊस पडताच सगळ्यात आधी कोण परत आलं? नफ्फटियो. उघडी माती पहिल्यांदा बेशरमालाच सापडते.

देशी काठ जरा निवांत बघायचा असेल तर डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा. बडोदा संस्थानानं १९१० मध्ये शेतीसाठी बांधलेला, ओरसंग नदीच्या पाण्यावर भरणारा. आजही पंचवीस गावांना पाणी देतो. २०२१ मध्ये रामसर यादीत आला, म्हणजे जगात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागांत. हिवाळ्यात लोक तिथे मध्य आशियातून आलेली बदकं आणि पट्टकदंब बघायला दुर्बिणी घेऊन येतात, आणि ते योग्यच आहे. पण माणसानं बांधलेल्या तलावालाही पायऱ्या फुटतात हे तिथे चांगलं दिसतं. पावसाळ्यानंतर तलाव भरतो, रब्बीला पाणी सुटत जातं तसा काठ आत-आत सरकतो, ओला चिखल उघडा पडतो, आणि त्या सरकत्या काठावर चिखल तुडवणाऱ्या पक्ष्यांची पंगत बसते. पाळीवरून चालताना बदकांकडे पाठ करून दहा मिनिटं झुडपांकडे बघायला हरकत नाही. शिंपी पक्ष्याचा आवाज आला तर तो बहुधा तुम्हाला दिसणार नाही, पण तो आहे त्याच्या घरात.

घरी लावायची म्हणाल तर अंगणात ही शोभेची नाही, फाटे वाटेल तिकडे जातात आणि आईच्या शब्दांत "शिस्त नाही तिला". सोसायटीमागे नाला किंवा पावसाचं पाणी साचणारा खोलगट कोपरा असेल तर मात्र चांगली. पिकलेलं फळ चिरडून बिया पाण्यात धुवायच्या, गर राहू द्यायचा नाही, ओल्या गाळमिश्रित मातीत वरवर पेरायच्या, आणि पहिला उन्हाळा पाणी द्यायचं. पुढे तिची ती. फुलं आल्यावर फवारणी नको, नाहीतर रात्रपाळीवाला यायचा नाही आणि फळांची वाट बघत बसावं लागेल.

आमच्या पाच-सहा बियांपैकी दोन उगवल्या. एक पुतणीनं उपटून बघितली, मुळं किती झाली ते. दुसरी अजून कुंडीत आहे, नऊ पानांची. तो नावाचा कागद फ्रीजवर चुंबकाखाली लावलाय. जांभळा रंग उतरून आता चहासारखा तपकिरी झालाय. मराठी नाव अजून नीट वाचता येतं. गुजरातीतलं अर्धं फिकं पडलं, कारण तिथे पोचेपर्यंत तिची फळं संपत आली होती.